स्टोरीबोर्डला भुललो, चर्चच्या मंडळीचे ३८ हजार गेले

सलाम सगळ्यांना. लिहायला लाज वाटतेय, पण दुसऱ्या कुठल्या मंडळीला असा कुणी गाठू नये म्हणून लिहितोय.

नेवासे तालुक्यात आमचं छोटं चर्च, पत्रे गळायला लागलेत. पुण्या-मुंबईला गेलेल्या आमच्या लोकांना पाठवायला दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा असं कमिटीत ठरलं आणि माणूस शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एक पोरगा भेटला, बोलायला गोड, पाळकसाहेबांना वाकून सलाम. आठ दिवसांत स्टोरीबोर्ड आणला, म्हणजे व्हिडिओत काय काय दिसणार ते आधीच चित्रांत दाखवलेलं, २४ चौकटी, रंगीत प्रिंट, प्रत्येकीखाली सेकंद लिहिलेले. आम्ही गारच! २५ हजार ॲडव्हान्स तिथंच फोनवरून टाकला.

तेव्हाच नीट बघायला पाहिजे होतं हो. चौथ्या चौकटीत लाकडी बाकं न् रंगीत काचा, आणि आमच्याकडं लोक चपला बाहेर काढून सतरंजीवर बसतात. हंगामाच्या सणाच्या चौकटीत भोपळे न् सफरचंदं. आमच्या सणाला ज्वारीची कणसं, कांद्याची गोणी, एखादी कोंबडी येते आणि तिचा लिलाव होतो. बायको म्हणाली पण, यात कोंबडी कुठाय? मी हसण्यावारी नेलं.

मग भजनाचे राईट्स म्हणून ५ हजार. भजन रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, ते वारले १९१९ ला, आणि कवी गेल्यावर ६० वर्षांनी शब्दांचा कॉपीराइट संपतो, मग हे पैसे घेणार कोण होतं? दुसऱ्याचं रेकॉर्डिंग वापरलं तर गोष्ट वेगळी, पण गाणार आमचाच तरुण संघ होता. मग ड्रोन परवानगीचे ८ हजार, शिक्क्याचा कागदसुद्धा दाखवला. २०२१ च्या ड्रोन नियमांत ग्रीन झोनमध्ये, म्हणजे नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात, ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगीच लागत नाही, आणि झोनचा नकाशा डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवर कुणालाही फुकट दिसतो. हे सगळं भाच्यानं नंतर सांगितलं, त्यानंच चौकटी गूगल लेन्सवर टाकल्या तर निम्मे फोटो परदेशातल्या चर्चचे निघाले.

शूटिंगला पोरगा आलाच नाही, फोन बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केलीय, पण लेखी काय म्हटल्यावर आमच्याकडं नुसत्या व्हॉइस नोट. तुम्ही निदान एवढं बघा, चौकटी काढायच्या आधी माणूस एखाद्या रविवारी उपासनेला येऊन बसला का, आणि पैसे कामाच्या टप्प्यानं द्या.

आता संडे स्कूलच्या बाईंनी शंभर पानी वहीत पेन्सिलीनं नवीन चौकटी काढल्यात. पहिल्या चौकटीत दारातला चपलांचा ढीग. कोंबडी पण आहे.