महावितरणचं घरगुती बिल: नावे काय, जमा काय

महावितरणच्या घरगुती वीजबिलात माहितीची कमतरता नाही. अडतं ते हिशेबाच्या मांडणीत, आणि बहुतेक घरांत गोंधळ तिथेच होतो.

हे बिल म्हणजे त्यांच्या वहीतलं तुमचं खातं. तिथे नावे पडलेली रक्कम तुम्ही देणं लागता, जमा झालेली देण्यातून वजा होते. म्हणून भरलेले १,२५० रुपये बँकेच्या पासबुकात नावे दिसतात आणि वीजखात्यात जमा. आकड्याआधी उणे चिन्ह असेल तर ते पैसे तुमचे.

स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा), वीज शुल्क (सरकारी कर) या ओळी सरळ आहेत. ‘निव्वळ थकबाकी’ मात्र थांबून वाचावी. बिल दहाच्या पटीत पूर्णांक होतं. १,२४७.२० चे १,२५० भरले की पुढच्या बिलात −२.८० दिसतात, १,२४३.६० चे १,२४० भरले की ३.६० थकबाकी. यात चूक काहीच नाही. थकबाकी मोठी असेल तर आधी शेवटच्या पावतीची तारीख पाहा. बिल तयार झाल्यावर भरलेली रक्कम त्या बिलात येत नाही, ती दुसऱ्यांदा भरायची नसते.

खरी तक्रार ‘समायोजित रक्कम’ या ओळीबद्दल, म्हणजे आधीच्या बिलांतला फरक जुळवणाऱ्या रकमेबद्दल. रीडिंग न मिळाल्याने दोन महिने सरासरी बिल आलं आणि तिसऱ्या महिन्यात खरं रीडिंग मिळालं, एकूण ४२० युनिट, असं धरा. हे युनिट तीन महिन्यांत १४० प्रमाणे विभागायला हवेत. दराचा पहिला टप्पा महिन्याला १०० युनिटांचा, दुसरा त्यापुढच्या २०० चा. मग ३०० युनिट पहिल्या, स्वस्त टप्प्यात बसतात आणि १२० दुसऱ्यात. विभागणी झाली नाही तर पहिल्या टप्प्यात फक्त १००, दुसऱ्यात २०० आणि उरलेले १२० थेट तिसऱ्या, महाग टप्प्यात. शिवाय दोन सरासरी बिलांत लावलेली वीज आकाराची रक्कम वजा व्हायलाच हवी. बिलावर हे सगळं एका आकड्यात उरकलेलं असतं. ग्राहकाने त्यावरून ताळा कसा करायचा? निदान महिने आणि युनिट तरी तिथे छापावेत.

सुरक्षा ठेवीचं बिल वेगळं येतं. मासिक बिल असेल तर ठेव सरासरी बिलाच्या दुप्पट धरतात. तो खर्च नव्हे. पैसे तुमच्याच नावावर राहतात आणि त्यावरचं व्याज बिलात जमा होतं. ती जमा आली का, हे वर्षातून एकदा जरूर तपासा.

महावितरणचं ॲप चांगलं आहे. जुनी बिलं आणि भरणा दिसतो, मीटरचं रीडिंग स्वतः पाठवता येतं, म्हणजे सरासरी बिलाची वेळच टळते. तरीही आकडा जुळला नाही तर उपविभागीय कार्यालयात बारा अंकी ग्राहक क्रमांक देऊन खात्याचा सीपीएल (कन्झ्युमर पर्सनल लेजर, म्हणजे ग्राहकाची खातेवही) उतारा मागा. त्यात महिनावार रीडिंग, युनिट, आकारणी आणि भरणा ओळीने असतो. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.