नदीचा उपसा की शेतातली बोअर?

कर्नाटकातल्या चिक्कोडी, रायबाग, अथणी या कृष्णाकाठच्या तालुक्यांत एप्रिल उजाडला की उसाला पाणी कुठून द्यायचे, हा एकच प्रश्न घरोघरी असतो. नदीवरून उपसा केला तर पाणी मुबलक मिळते. पण ते आपल्या हातात नाही, कारण कर्नाटकाने मागणी करायची आणि महाराष्ट्राने कोयनेतून सोडायचे, तोवर पात्रात डबकी उरतात आणि शेतकरी फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपचे पाण्यात बुडणारे झडपेचे टोक) खांद्यावर घेऊन चिखलातून पुढच्या डोहापर्यंत पाइप वाढवत जातो. २०१९च्या उन्हाळ्यात पात्र असे कोरडे पडले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हीच नदी घरांत शिरली.

बोअर आपल्या बांधावर असते, हे खरे. मात्र येथील काळ्या खडकात पाणी भेगांत आणि मुरमाच्या थरातच साठते, त्यामुळे जास्त खोल गेल्याने पाणी लागेलच असे नाही. कर्ज काढून मारलेल्या बोअरमधून नुसता करडा फुफाटा उडताना पाहिला की पोटात गोळा येतो. माझ्या मते बोअर माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्यासाठी राखावी, आणि उसाला नदीचेच पाणी द्यावे, तेही ठिबकने.