एचआयव्हीची गोळी: अमेरिकेतल्या विम्यावर की इथल्या एआरटी सेंटरवर?

एचआयव्ही आटोक्यात आहे, पण अमेरिकेतच राहावं की परतावं हे ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण), सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) तुम्हाला ठाऊक असणारच. मी न्यू जर्सीत नोकरीच्या विम्यावर औषध घेतलं आणि आता पुण्यात सरकारी एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रावर, घेतो.

औषधांच्या बाबतीत अमेरिका सरस, यात वाद नको. बिक्टार्वीची एवढीशी गोळी, निवांत बोलणारे डॉक्टर, आणि २०२२ पासून दर दोन महिन्यांच्या इंजेक्शनचाही पर्याय. गोळीची छापील किंमत महिन्याला साडेतीन हजार डॉलरच्या वर आहे खरी, पण ती सहसा कुणी खिशातून भरत नाही. विमा असतो, रुग्णाच्या वाट्याचा खर्च उचलणारं औषध कंपनीचं कोपे कार्ड असतं, उत्पन्न कमी असेल तर १९९० पासूनची सरकारी रायन व्हाइट योजना आहे. मलाही पदरचं फारसं काही घालावं लागलं नाही.

बिनसायचं ते जानेवारीत. नोकरीतला विमा बदलला की नव्या विमेवाल्याची पूर्वमंजुरी पुन्हा पहिल्यापासून. गोळी कोपऱ्यावरच्या दुकानात घ्यायची नाही, ते सांगतील त्याच फार्मसीकडून कुरिअरने मागवायची. फार्मसी म्हणे डॉक्टरांचा कागद आला नाही, दवाखाना म्हणे फॅक्स केलाय, विमेवाले म्हणत ‘बघतोय’. इकडे बाटली हलवली की आवाजावरून कळायचं, किती उरल्यात. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून फोनवर औषधाच्या नावाचं एकेक अक्षर दबक्या आवाजात सांगायचं, तेही दर वेळी नव्या माणसाला. त्यात एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला हातात साठ दिवस, आणि विमाही नोकरीबरोबरच जाणार. कदाचित माझंच नशीब खोटं असेल. तिथे वर्षानुवर्षं सुरळीत औषध मिळणारेही ओळखीचे आहेत.

इथे? रांग आहे, बाकडी अपुरी आहेत, ओळखीचं कुणी दिसेल ही धास्ती पहिले काही महिने जात नाही. समुपदेशक ताई उरलेल्या गोळ्या मोजतात आणि चुकल्या असतील तर कान उपटतात. टंचाईही होते; २०२२च्या जुलैत रुग्णांनी दिल्लीत नाकोच्या (सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेच्या) कार्यालयात धरणं धरलं होतं. पण टीएलडी (तीन औषधांची एकत्र गोळी) आणि तपासण्या फुकट, आणि मुख्य म्हणजे कुणाची मंजुरी लागत नाही. सेंटरवर साठा नसेल तर तेवढ्यापुरती बाहेर केमिस्टकडून विकत घेणं नोकरदार माणसाला झेपतं. माझा कौल इथेच फिरला.

ही स्वस्ताई आपोआप आलेली नाही. १९७०च्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, म्हणून २००१मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला देऊ करू शकले. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर दहा हजारांच्या वर होता. २००४मध्ये सरकारने मोफत एआरटी सुरू केली. २०२३मध्ये ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीने गरीब देशांसाठी टीएलडीचा दर ४५ डॉलरच्या खाली आणला. महिन्याचा नव्हे, वर्षाचा.

अर्थात नुसती गोळी स्वस्त असून भागत नाही. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी भारतीय गोळ्याच जातात, पण २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने मदत थांबवली तशी काही दवाखान्यांना कुलपं लागली. आपला कार्यक्रम मुख्यतः केंद्राच्या पैशावर चालतो. ब्रिटनचा पर्याय हाताशी असेल तर तोही बघा. इंग्लंडमध्ये २०१२पासून हे उपचार सगळ्यांना मोफत आहेत, व्हिसा कुठलाही असो.

पहिल्या फळीची, म्हणजे सुरुवातीला देतात ती, औषधं निकामी झाली असतील, तर मात्र तिथल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हलू नका. बाकीच्यांनी परतताना रेझिस्टन्सचे (विषाणू कुठल्या औषधांना दाद देत नाही त्याचे) आणि व्हायरल लोडचे सगळे रिपोर्ट आणि निदान दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या जवळ ठेवाव्यात. इथे तपासणी पुन्हा करतात, नोंदणीला वेळ लागू शकतो, आणि बिक्टार्वीऐवजी बहुधा टीएलडी मिळेल. मला तिने पहिले काही आठवडे झोप येईना. सकाळी घ्यायला लागल्यावर ते थांबलं.