पिकअपच्या नाकावर सायकली: आठ महिने, नऊ हजार किलोमीटर

लोक हसतात, हे आधीच सांगून ठेवतो. मागे ट्रेलर ओढणारा पिकअप आणि बॉनेटच्या पुढे आडव्या बांधलेल्या दोन सायकली. एका कॅम्पवर शेजारच्या आजोबांनी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, "सायकलवाल्याला काही लागलं नाही ना?" त्यांची चूक नव्हती. पहिल्या दिवशी रॅक लावून मागे सरकून पाहिलं, तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

पण हौस म्हणून पुढे लावलेल्या नाहीत. ट्रकच्या मागच्या हिचला, म्हणजे ओढायच्या जोडणीला, ट्रेलर, हौद्यात जनरेटर, पाण्याचे कॅन, खुर्च्या आणि तंबू. छतावर न्यायच्या तर दर वेळी बावीस किलोची बॅटरीवाली सायकल डोक्याच्या वर उचलायची, आणि ते आमच्या पाठीला झेपणारं नाही. उरला ट्रेलरचा मागचा बंपर. पहिली दोन वर्षं तोच प्रकार केला आणि तोच सगळ्यात वाईट होता. ट्रेलरचं मागचं टोक खड्ड्यात किती उडतं, ते मागच्या गाडीत बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय ट्रेलरच्या चाकांच्या मागे वजन टांगलं की पुढचा दांडा हलका होतो. आमचा ट्रेलर भरून 2000 किलो, हिचवर 240 किलो येतात, म्हणजे 12 टक्के. मागे 60 किलोचा रॅक आणि सायकली लावल्या की हिचवरचे चाळीसेक किलो कमी होतात आणि प्रमाण दहाच्या खाली जातं. 10 ते 15 टक्के हा सर्वसाधारण दंडक आहे. त्याखाली ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. आमचा एकदा उतारावर हलला. गाडी सावरली, पण त्यानंतर तासभर कोणी बोललं नाही.

पुढे मात्र हेच गणित आपल्या बाजूने वळतं. ट्रेलरचं वजन मागच्या चाकांच्याही मागे पडतं, त्यामुळे ट्रकचं नाक उचललं जातं. पुढे लावलेल्या सायकली ते थोडं खाली बसवतात. माझ्या ट्रकच्या दोन आसांमधलं अंतर 3.7 मीटर आणि रॅकचा मध्य पुढच्या आसाच्या 1.3 मीटर पुढे. म्हणजे 60 किलो टांगले की पुढच्या आसावर 81 किलो वाढतात आणि मागच्यावरचे 21 कमी होतात. ट्रेलर असताना स्टिअरिंग आता जास्त भरीव वाटतं. ट्रेलर नसताना मात्र स्पीडब्रेकरवर नाक जरा जास्त वाकतं. आपल्या गाडीच्या पुढच्या आसाला किती भार चालतो, ते दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. डिझेल इंजिन असेल तर ते एरवीच जड, तेव्हा रॅक घ्यायच्या आधी तो आकडा बघा.

पुढचा हिच चेसिसच्या तयार भोकांमध्ये नटबोल्टने बसला. वेल्डिंग नाही, ड्रिल नाही. बंपरखालचं प्लास्टिक काढून थोडं कापावं लागलं. दोघांनी मिळून अर्धा दिवस गेला. 50 मिलिमीटरचा, म्हणजे दोन इंची रिसीव्हर घेतला, रॅकची नळी ज्यात सरकते ती चौकोनी खोबण. सव्वा इंची स्वस्त आणि हलका असतो, पण बॅटरीवाली सायकल असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. पहिल्या सहलीनंतर टॉर्क पान्याने बोल्ट पुन्हा आवळले, त्यातले दोन खरंच थोडे फिरले. रॅक चाकं धरणारा आहे, फ्रेमला कुठेही चिमटा नाही. कार्बनची फ्रेम असणाऱ्यांनी हाच प्रकार घ्यावा.

आता इंजिनचं तापमान, कारण सगळे पहिल्यांदा हेच विचारतात. माझा अंदाज होता की सायकली हवा अडवतील. सायकल म्हणजे बहुतेक पोकळीच, त्यामुळे नुसत्या सायकलींनी फार बिघडत नाही. बिघडवलं ते मी. पावसात भिजू नयेत म्हणून दोन्ही सायकलींवर मिळून एक झकास ताडपत्री कव्हर चढवलं आणि घाटाला लागलो. तापमानाचा काटा मध्यावर, मी निवांत. मग पंख्याचा आवाज सुरू झाला, विमान उडतंय असा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो. बऱ्याच मोठ्या फरकातही तो मध्यावरच बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. नंतर गाडीचे बिघाड तपासायच्या सॉकेटला लावायचं, खरं तापमान दाखवणारं छोटं यंत्र आणलं आणि त्याच चढावर, त्याच ट्रेलरसह तीनदा मोजलं. सायकली नसताना 104 अंश, सायकली उघड्या असताना 107, कव्हर असताना 114. पंखा ओरडला त्या दिवशी एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला, खालच्या गिअरमध्ये हळू चढलो आणि वर पोहोचल्यावर इंजिन दहा मिनिटं तसंच चालू ठेवलं. बाहेर ऊन, आत हीटर. आमची ही म्हणाली, "सायकली कोरड्या राहिल्या, आपण ओले झालो." कव्हर त्या दिवसापासून खुर्च्यांवर घालतो.

उजेडाचा त्रास मला त्याहून मोठा वाटला, आणि त्याबद्दल आधी कुणी बजावलं नव्हतं. सायकली आडव्या असतात, म्हणून चाकांतल्या तारांवरचे केशरी रिफ्लेक्टर नेमके आपल्याच हेडलाइटकडे तोंड करून बसतात. रात्री बॉनेटसमोर दोन कंदील पेटल्यासारखं दिसतं. चंदेरी रिम असेल तर ती आणखी चकाकते, आणि रस्त्यावर चाकाची मोठी सावली पडते ती वेगळीच. रिफ्लेक्टरवर काळ्या कापडाच्या पिशव्या चढवल्या, रॅकवर सायकली जमेल तितक्या मध्याकडे सरकवल्या, तरी डावा दिवा चाकामागे थोडा अडतोच. शेवटी नियम केला: पुढे सायकली असतील तर अंधार पडायच्या आत मुक्काम. दिवे, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकू नये असा कायदा बहुतेक ठिकाणी असतोच. कायदा नसता तरी त्या उजेडात मी गाडी चालवली नसती.

दिवसा प्रश्न हँडलचा. माझ्या ट्रकमध्ये सीट उंच आहे, तरी हँडल बॉनेटच्या वर वीतभर डोकावतं. मोठी सायकल बाहेरच्या बाजूला लावली तर कमी दिसते, सीट पूर्ण खाली दाबली की आणखी बरं. पण बॉनेटच्या लगेच पुढचा भाग आधीच आंधळा, तो आता आणखी लांबला आहे. कॅम्पमध्ये लहान मुलं धावत असतात, तिथे ही उतरून पुढे चालते आणि मी तिच्या मागे मुंगीच्या पावलांनी. पार्किंगचे सेन्सर रॅक बसवल्यापासून अखंड किंचाळतात, ते बंद ठेवावे लागतात. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल आणि आपोआप लागणारा ब्रेक यांचा रडार जाळीमागे आहे, तो "समोर अडथळा" म्हणून हात वर करतो. त्या सोयींची ज्यांना सवय झाली आहे, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

डोळ्यासमोर असण्याचा एक विचित्र परिणाम सांगतो. पुढे लावल्या की सायकलींवर लक्ष राहतं, पट्टा सुटला तर लगेच दिसेल, हे मला या रॅकचं सगळ्यात मोठं सुख वाटलं होतं. पहिले तीन महिने ते दुःखच निघालं. ताशी सत्तरच्या आसपास रॅक डुलायला लागायचा, आणि मी रस्ता सोडून त्याच्याकडेच बघत बसायचो. मागे असता तर असाच डुलला असता आणि मला कळलंही नसतं. रिसीव्हर आणि रॅकच्या नळीत दोन-एक मिलिमीटरची फट होती, तेवढीच टोकाला बोटभर दिसते. यू आकाराचा आवळणारा क्लॅम्प लावला आणि तीन-चतुर्थांश हालचाल थांबली. उरलेल्या चतुर्थांशाची सवय झाली. वाऱ्याने पुढचं चाक गरगर फिरायचं, त्याला मात्र दोन पट्टे बांधावेच लागतात. फिरणारं चाक समोर ठेवून गाडी चालवणं म्हणजे गुंगीचं औषध.

सायकलींच्या तब्येतीचं म्हणाल तर धुळीत पुढची जागा चांगली. गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि ती धूळ ओढून घेते. ट्रेलरच्या मागे असताना चेनची भाकरी व्हायची. आता कच्च्या रस्त्यावरही चेन स्वच्छ राहते, फक्त दुसऱ्या गाडीच्या शेपटाला लागू नये. पावसात उलट. ताशी नव्वदने येणारा पाऊस म्हणजे बेअरिंगवर मारलेला पाण्याचा फवाराच. पाचव्या महिन्यात माझ्या सायकलचं हँडल फिरवताना कचकच जाणवली, उघडलं तर बेअरिंगमध्ये गंज आणि राखाडी चिखल. बदललं, भरपूर ग्रीस भरलं, आणि आता पाऊस दिसला की हँडलच्या मुळाशी जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळतो. किड्यांचं वेगळंच. सस्पेन्शनच्या चकचकीत नळ्यांवर ते वाळून बसतात. ओल्या फडक्याने त्याच संध्याकाळी पुसा, वाळलेले तसेच दाबले गेले की सील खरवडतात. सायकलच्या पुढच्या फोर्कच्या रंगावर खड्यांचे सात टवके मोजले आहेत. बॅटरी आणि डिस्प्ले प्रवासात गाडीच्या आत.

माझ्या हातून झालेली एकच मोडतोड. ट्रक आता पाऊण मीटरने जास्त लांब आहे हे डोक्याला माहीत होतं, हातांना नव्हतं. कॅम्पच्या अरुंद वळणावर नेहमीच्या सवयीने वळवलं आणि पुढचा कोपरा झाडाला घासत गेला. ट्रकला ओरखडा नाही, पण सायकलचा मागचा गिअर ज्या पातळ पट्टीला लटकतो ती वाकली. ती पट्टी वाकावी म्हणूनच मऊ केलेली असते, सुटी मिळते, एक जादा ठेवा. आम्ही ठेवली नव्हती, म्हणून ती सहल चालत झाली.

आणि हे लोखंड माणसाला लागलं तर काय, हा विचार सुटत नाही. गाडीचं नाक धडकेत चुरगळावं म्हणून बनवलेलं असतं, त्यापुढे चेसिसला बांधलेला दांडा आला की तो हिशोब बदलतो. म्हणून सायकलींशिवाय गाडी चालवायची असेल तेव्हा रॅक गाडीवर ठेवत नाही. चोवीस किलो आहे, कंटाळा येतो, तरी काढतो. तो काढलेला असतानाच ऑइल बघून घेतो. भरलेला रॅक पुढे झुकवून बॉनेट उघडतं खरं, पण जेमतेम चार बोटांच्या फटीने.

तरीही परत घ्यायचा झाला तर हाच घेईन. कॅम्पवर पोहोचलं की ट्रेलर न सोडता, काही न हलवता पाच मिनिटांत सायकली जमिनीवर येतात आणि आम्ही तळ्याकडे निघालेलो असतो. पूर्वी त्या वेळी मी हौद्यात उभा राहून खुर्च्या उपसत असायचो. ट्रेलर ओढताना इंधनात फरक शोधूनही सापडला नाही. रिकाम्या ट्रकला लिटरमागे अर्धा किलोमीटर कमी पडतो. मुक्कामात मोकळ्या रॅकवर टॉवेल छान वाळतात.

बाकी एक काम राहिलंय. रिसीव्हरचा रिकामा चौकोन बरोबर नडगीच्या उंचीला येतो. रात्री ट्रकला वळसा घालताना दोनदा लागला आहे, आणि हिला एकदा. तिच्या वेळेनंतर लगेच टेनिसच्या चेंडूला चीर देऊन तो टोकावर बसवलाय. पुढच्या सहलीआधी रबरी टोपण आणायचं आहे.