खुर्च्या २४ च्या ७० केल्या, गाड्या लावायच्या कुठं?

कॅफेचं नाव लिहीत नाय, मालक ओळखीचा आहे आणि परत तिथंच जायचंय. पण सातारला रात्री मोठ्या पडद्यावर इंग्लंडच्या फुटबॉलची प्रीमियर लीग बघायची तर कुठं जातात हे माहीत असणाऱ्यांना बरोबर कळेल. पोवई नाक्यापासून चालत दहा मिनिटं, गल्लीत पहिल्या मजल्यावर. आधी २४ खुर्च्या होत्या, प्रोजेक्टर एक, आणि सगळे एकमेकांना तोंडओळखीनं ओळखायचे. आता मागची भिंत पाडून शेजारचा हॉल जोडलाय आणि सरळ ७० खुर्च्या केल्यात, म्हणून म्हणलं नव्यानं रिव्ह्यू टाकूया, जुन्या रिव्ह्यूवर जाऊ नका.

आधी चांगलं सांगतो. पडदा नवीन आणि खरंच भारी आहे, आधी चुना मारलेल्या भिंतीवर मॅच दिसायची तेव्हा चेंडू पोपड्यात गायब व्हायचा. आवाज पण नीट. एंट्री १५० रुपये पण ती खाण्यात वळती करून देतात. चीज मॅगी आणि कोल्ड कॉफी घ्या, फ्राईज घेऊ नका, मऊ पडलेल्या असतात. फक्त नेट अर्धा मिनिट मागं चालतं, त्यामुळं कुणाच्या तरी मोबाईलवर टिंग वाजतं, तो हळूच हसतो आणि आपल्याला कळतं की आता गोल होणार. मालकानं एक पाटी लावलीय, नोटिफिकेशन बंद ठेवा, पण ऐकतंय कोण.

गेल्या रविवारी रात्री १० ची लिव्हरपूल आर्सेनल होती. मी लिव्हरपूलवाला, सोबतचा मित्र आर्सेनलवाला, दोघं कॉलेजपासून भांडतोय. पावणेदहाला पोचलो तर नव्या भागातल्या दोन सीट मिळाल्या आणि माझ्या बरोबर समोर खांब. भिंत पाडली पण खांब काढता येत नाय ना, वरचा मजला त्याच्यावरच उभा. म्हणजे डावीकडचा गोलपोस्ट मला दिसतोय, उजवीकडचा मित्र सांगणार. लिव्हरपूल शहरातलाच दुसरा क्लब एव्हर्टन, त्यांच्या जुन्या गुडिसन पार्क स्टेडियममध्ये असल्याच खांबामागच्या सीट होत्या आणि लोकांनी तिथं बसून आख्खी हयात काढली, तर म्हणलं आपण एक मॅच काढू.

हे बांधकाम पण लय रखडलं. दिवाळीपर्यंत होणार होतं, मिस्त्री गावाकडं यात्रेला गेला तो आलाच नाय, मग दोन महिने हिरवी जाळी आणि सिमेंटच्या गोण्यांशेजारी बसून मॅच बघितल्या. मालकाला चिडवायला मी सांगितलं की बाबा काळजी करू नको, आमच्या लिव्हरपूलच्या स्टेडियमचं, म्हणजे अ‍ॅनफिल्डचं पण असंच झालंवतं. २०१६ ला मेन स्टँड मोठा करून त्यांनी साधारण ५४ हजारांवर नेलं, मग २०२१ ला दुसऱ्या बाजूचा अ‍ॅनफिल्ड रोड स्टँड कामाला काढला, ७ हजार सीट वाढवायला, आणि २०२३ मध्ये ऐन कामात कॉन्ट्रॅक्टर कंपनीच बुडाली. सीझन सुरू झाला तर वरचा मजला रिकामाच. दुसऱ्याला काम देऊन २०२४ मध्ये पूर्ण उघडलं, आता ६१ हजारांच्या आसपास बसतात. मालक म्हणाला त्यांच्याकडं पैसे होते, माझा मिस्त्री ॲडव्हान्स घेऊन गेलाय.

पण खरा विषय खुर्च्यांचा नाय, गाड्यांचा आहे. गल्ली केवढी, तर दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकानं मागं घ्यायची. तिथं रविवारी पन्नासेक बाईक आणि चारपाच फोरव्हीलर, त्यातली एक क्रेटा आडवी. हाफटाइमला खालच्या बंगल्यातले आजोबा बनियनवर वर आले, हातात ॲक्टिव्हाची किल्ली, आणि शांतपणे म्हणाले, "मला पहाटे पाचला मुंबईची एसटी धरायचीय, गाडी आत्ताच बाहेर काढून ठेवतो, ती आडवी कुणाची आहे?" कुणी उठेना. शेवटी पडद्यावर मॅच थांबवून अनाउन्समेंट केली, तेव्हा क्रेटावाला उठला आणि वर आमच्याकडंच रागानं बघत खाली गेला. मला खरंच लाज वाटली. आजोबांचं काय चुकलं?

माझा मावसभाऊ लिव्हरपूलला शिकायला आहे, तो सांगतो अ‍ॅनफिल्डच्या आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये मॅचच्या दिवशी तिथं राहणाऱ्यांनाच परमिटवर गाडी लावता येते, बाकीच्यांनी लांब लावायची. आणि अ‍ॅनफिल्डला खेटून रेल्वे स्टेशन पण नाय बरं का. शहराचं मोठं लाइम स्ट्रीट स्टेशन तीनेक किलोमीटरवर. मग लोकलनं सँडहिल्सला उतरायचं आणि तिथून सॉकरबस, मॅचच्या आधी दोनेक तासांपासून सुटतात आणि मॅच संपली की परत स्टेशनला. म्हणजे तिकडचं वडापच, फक्त टपावर कुणी बसत नाय. आता गंमत अशी की एव्हर्टनचं २०२५ ला उघडलेलं गोदीतलं नवीन ५२ हजारांचं स्टेडियम पण त्याच सँडहिल्सच्या भरवशावर आहे, म्हणून स्टेशनबाहेर लोकांना रांगेत थांबवायची वेगळी जागा करावी लागली. आर्सेनलवाल्यानं लगेच कॉलर वर केली, आमच्या क्लबच्या नावाचं लंडनच्या मेट्रोचं, म्हणजे ट्यूबचं, स्टेशन आहे, १९३२ पासून. आहे ना बाबा, पण तुमच्या एमिरेट्स स्टेडियमच्या शेजारचं हॉलोवे रोड स्टेशन मॅचच्या दिवशी गर्दीमुळं नीट वापरता येत नाय हे पण सांग की. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमला मेट्रो मिळाली ती २०२० ला, स्टेडियम १९८४ चं. म्हणजे आधी खुर्च्या, मग छत्तीस वर्षांनी गाडी, ही आपली जुनी रीत आहे, एकट्या कॅफेवाल्याला काय बोलणार.

सगळ्यात भारी जागा आपल्या शाहू स्टेडियमची, एसटी स्टँडला खेटून. कुठून पण या, उतरा आणि आत जा. रेल्वे स्टेशन तेवढं माहुलीला, ते सोडा.

मॅच बाराच्या आसपास सुटली. (बरोबरी. आम्ही दोघं पण नाराज.) मग ७० जण एकदम एका जिन्यातून खाली, जिना जेमतेम तीन फुटांचा, बाईक काढायला वीस मिनिटं, हॉर्न, शिव्या, वरच्या गॅलरीतून कुणीतरी पाणी ओतलं. आणि ज्यांच्याकडं गाडी नाय त्यांचे खरे हाल, कोडोलीच्या बाजूला राहणारी चार पोरं होती, त्या वेळेला नाक्यावर रिक्षा एकच आणि तो म्हणतोय ४००. आम्ही दोघांना डबलसीट सोडलं, बाकीचे दोघं चालत निघाले.

म्हणून माझं साधं म्हणणं आहे. मॅचच्या रात्री दोन रिक्षावाले ठरवून ठेवायचे, एक कोडोलीकडं, एक शाहूपुरी करंजेकडं, माणशी ४० घ्या, लोक आनंदानं देतील. एंट्रीच्या १५० मध्ये घातले तरी चालेल. आणि गल्लीत फोरव्हीलर बंद, एक पोरगं उभं करायचं तोंडाला. एवढ्यासाठी मी पाचातले तीन स्टार देतोय, पडद्याला पाच दिले असते. बुक करताना जुन्या भागातली सीट मागा, नव्या भागातल्या दुसऱ्या ओळीत खांब आहे, विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

हे सगळं मालकाला पण सांगितलं, काउंटरवर बिल देताना. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली, सुट्टे परत दिले आणि म्हणाला, "दादा, पुढच्या सीझनला गच्ची पण घेतोय, अजून ४० बसतील." म्हणलं आणि गाड्या? तर म्हणतो, "चालत या की, दहा मिनिटं तर आहे नाक्यावरनं."