आंबा-भात की खनोम क्रोक?

थाई गोडांत माझी आवडती दोन: खाओ नियाओ मामुआंग, म्हणजे आंब्यासोबतचा चिकट भात, आणि खनोम क्रोक, म्हणजे तांदळाच्या पिठाचे, नारळाच्या दुधातले आप्प्यांसारखे गोड घास. नारळाचं दूध, साखर, मीठ दोन्हींत आहेच.

आंबा-भाताचं सगळं यश तांदळात. थाई चिकट तांदूळच हवा. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर कितीही मऊ शिजला तरी तो चिवटपणा येत नाही. रात्रभर भिजवून, निथळून, फडक्यात बांधून वीस-पंचवीस मिनिटं वाफवायचा. पाण्यात शिजवला की संपलं! कपभर दाट नारळाच्या दुधात अर्धा कप साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा, उकळी मात्र येऊ देऊ नका. भात गरम असतानाच त्यावर ओतून झाकून ठेवा. अर्ध्या तासात दूध दाण्यांत मुरतं, दाणा चमकतो. वरून नारळाच्या दुधाची खारट साय आणि कुरकुरीत भाजलेली मूगडाळ. थायलंडमध्ये एप्रिलच्या सुमारास नाम दोक माई आंबा येतो. आपल्याकडे पिकलेला हापूस घ्या.

खनोम क्रोकला आपलं आप्पेपात्र चालतं. तांदळाचं पीठ नारळाच्या दुधात पातळ कालवून तापलेल्या, तेल लावलेल्या खळग्यांत घाला, कडा धरल्या की वर गोड-खारट दाट दूध, चिरलेली कांद्याची पात. झाकण ठेवा. तळ कुरकुरीत, मधोमध लुसलुशीत. उलटायचं नाही, दोन अर्ध्या जोडायच्या.

पाहुण्यांसाठी आंबा-भात बरा, आधी करून ठेवता येतो. खनोम क्रोक तव्यावरून थेट तोंडातच हवं. माझं मत त्यालाच: गोडात कांद्याची पात इतकी शोभते, हे खाल्ल्याशिवाय पटत नाही.