टस्कनी की स्कॉटलंड: परदेशात स्वतः गाडी चालवायची असेल तर

युरोपात सहल कंपनीच्या बसऐवजी भाड्याची गाडी घेऊन फिरण्याचा विचार आमच्या ओळखीतली अनेक कुटुंबे हल्ली करतात, आणि आठ-दहा दिवसांचीच सवड असली की चर्चा बहुधा दोन ठिकाणांपाशी येऊन थांबते: इटलीतला टस्कनी प्रांत किंवा स्कॉटलंडचा डोंगराळ उत्तर भाग. आम्ही एक वर्षाच्या अंतराने दोन्हीकडे गेलो. दोन्ही वेळा पत्नी आणि आई सोबत होत्या, दोन्ही वेळा गाडी मीच चालवली, आणि प्रत्येक ठिकाणी नऊ दिवस मिळाले. पुढे जे लिहितो आहे त्याला एवढ्याच अनुभवाचा आधार आहे, हे लक्षात ठेवूनच ते वाचावे.

कागदपत्रांचा भाग लवकर संपवतो. इटलीत भारतीय परवान्याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना असावा लागतो. ब्रिटनमध्ये पर्यटकाला आपल्या भारतीय परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत मोटार चालवता येते, परंतु गाडी देणारा काही वेळा आंतरराष्ट्रीय परवानाही पाहू इच्छितो. आपल्या आरटीओकडून तो साधारण हजार रुपयांत मिळतो आणि एक वर्ष चालतो, त्यामुळे कुठेही जायचे असले तरी तो काढून ठेवावा. अनामत रकमेसाठी लागणारे क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे असावे, याची मात्र घरूनच खात्री करून निघावे.

लोक सर्वांत अधिक घाबरतात ते इटलीत रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवण्याला. माझ्या मते ही भीती थोडी चुकीच्या जागी आहे. वर्दळीत उजवी बाजू सांभाळणे अवघड जात नाही, कारण पुढची गाडी आपल्याला वाट दाखवत असते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खांद्यांवरचा ताण बराच उतरलेला असतो. खरा धोका रस्ता रिकामा असताना असतो. तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर पेट्रोल भरून मी पंपाबाहेर पडलो आणि समोर एकही वाहन नसल्यामुळे हात आपोआप डावीकडच्या लेनकडे वळले. पत्नीने मोठ्याने "उजवीकडे" म्हटले म्हणून मी सावरलो. त्यानंतर आम्ही एक शिस्त पाळली: पंपावरून, पार्किंगमधून किंवा एखाद्या शेतावरच्या मुक्कामावरून निघताना शेजारी बसणाऱ्याने दर वेळी बाजू मोठ्याने सांगायची. चौकात वर्तुळाकार बेट असेल तर आत आधीपासून असलेल्या वाहनाला आधी जाऊ देणे, हा नियम दोन्ही देशांत साधारण सारखाच आहे. फक्त इटलीत डावीकडे आणि स्कॉटलंडमध्ये उजवीकडे पाहून थांबायचे असते.

स्कॉटलंडमध्ये आपल्यासारखीच डावी बाजू असल्यामुळे हा प्रश्न येत नाही. सुरुवातीला इंडिकेटरऐवजी वायपर चालू होतो, कारण आपल्या बहुतेक गाड्यांत उजव्या हाताला असणारी दांडी तिथे डाव्या हाताला असते. पण ती सवय एका दिवसात होते. वेगमर्यादा मैलांत असतात, आणि पांढऱ्या वर्तुळावर काळी तिरकी पट्टी असा फलक दिसला तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मोटारीला ताशी ६० मैलांची, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरची मुभा आहे असा त्याचा अर्थ होतो. मुभा आहे म्हणून तो वेग गाठावा असे मात्र नाही. वळणांच्या अरुंद रस्त्यावर मी त्याच्या निम्म्या वेगानेच चालवत होतो.

आता ज्या एका गोष्टीने माझे मत ठरले तिच्याकडे येतो. टस्कनीतल्या अनेक जुन्या गावांमध्ये आणि शहरांमध्ये कोटाच्या आत बाहेरच्या वाहनांना ठरावीक वेळी किंवा दिवसभर बंदी असते. अशा भागाला तिथे झेडटीएल म्हणतात. लाल कडा असलेला पांढरा गोल फलक, त्याखाली इटालियन भाषेत वेळा आणि सवलती, आणि खांबावर गाडीचा क्रमांक टिपणारा कॅमेरा, एवढीच त्याची खूण असते. बहुतेक ठिकाणी तिथे अडसर नसतो आणि पोलीसही उभा नसतो. मोठ्या शहरांत प्रवेशाशी 'वार्को अत्तीवो' अशी अक्षरे उजळलेली दिसतात. त्यांचा शब्दशः अर्थ 'प्रवेशद्वार चालू आहे' असा होतो, आणि नवखा माणूस त्यावरून आत जायला हरकत नाही असे समजतो. प्रत्यक्षात चालू असते ती नजर, म्हणजेच त्या वेळी आत जाण्यास बंदी असते.

आमचा एक मुक्काम डोंगरमाथ्यावरच्या एका छोट्या गावात होता. आईचा गुडघा दुखत असल्यामुळे सामानासह तिला चढावरून चालवणे शक्य नव्हते, म्हणून फोनवरच्या नकाशाने दाखवलेल्या वाटेने मी गाडी थेट हॉटेलच्या दारापर्यंत नेली. पुढच्या दोन गाड्या कमानीतून आत गेल्या, त्यांच्यामागून मीही गेलो. त्या तिथल्या रहिवाशांच्या असाव्यात, हे नंतर सुचले. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली जाऊन पेट्रोल भरले आणि तिला घेण्यासाठी पुन्हा त्याच कमानीतून आत आलो. पाहुण्यांच्या गाडीचा क्रमांक हॉटेलला नगरपालिकेकडे कळवता येतो आणि मग दंड होत नाही, ही गोष्ट तिथे कोणी सांगितली नाही आणि आम्हालाही विचारायचे सुचले नाही.

परत आल्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी गाडी देणाऱ्या कंपनीने कार्डावरून दोन वेळा पैसे वळते केले. ते दंडाचे नव्हते, तर चालकाची माहिती अधिकाऱ्यांना पुरवल्याबद्दलचे शुल्क होते. दंडाची दोन पाकिटे आली ती सातव्या महिन्यात, कारण आत जाण्याची प्रत्येक वेळ स्वतंत्र धरली जाते. टपालखर्च धरून प्रत्येकी शंभर युरोंच्या आसपास रक्कम होती. परदेशी राहणाऱ्या माणसाला अशी नोटीस पाठवण्यासाठी तिथल्या कायद्यात ३६० दिवसांची मुदत आहे, म्हणजे सहल संपल्यावरही जवळजवळ वर्षभर हिशेब पूर्ण झाला असे म्हणता येत नाही.

हा नियम अन्यायाचा आहे असे मी म्हणणार नाही. त्या दगडी गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की पर्यटकांच्या गाड्यांना मोकळीक दिली तर गावात राहणाऱ्यांना घराबाहेर पडणे कठीण होईल. पैशांचेही मला फारसे वाटले नाही. त्रास झाला तो वेगळाच: चूक झाली त्या क्षणी ती कळली नाही, त्यामुळे उरलेले पाच दिवस आपण सगळे नियम पाळत आहोत अशा समजुतीत आम्ही फिरलो, आणि पाकिटे आल्यावर त्या पाच दिवसांतल्या प्रत्येक गावाविषयी शंका येऊ लागली. हे सगळे आपल्या गुडघ्यामुळे घडले, असे आईने मनाला लावून घेतले. पुढचे काही महिने टपाल आले की "तिकडचे काही आहे का?" असे ती विचारत असे. तिसरे पाकीट आले नाही, पण ते येणार नाही हे कळायला वर्ष जावे लागले.

स्कॉटलंडमध्ये चुका झाल्या नाहीत असे नाही. ग्लासगोहून लॉख लोमंडच्या काठाने आणि ग्लेन्कोमधून फोर्ट विल्यमकडे जाणारा ए८२ हा रस्ता दुपदरी आहे, आणि स्काय बेटावर १९९५ साली झालेल्या पुलावरून जाता येते. त्या पुलावरचा टोल २००४ च्या अखेरीस बंद झाला. परंतु मुख्य रस्ता सोडून आत वळले की एकाच गाडीपुरता रस्ता सुरू होतो, ज्याला तिथे सिंगल ट्रॅक म्हणतात. त्याच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर रुंद केलेल्या जागा असतात, त्या पासिंग प्लेस. समोरून गाडी आली आणि अशी जागा आपल्या डावीकडे असली तर तिच्यात शिरून थांबायचे. ती उजवीकडे असली तर रस्ता ओलांडून तिच्यात न जाता तिच्या समोर आपल्याच बाजूला थांबायचे, म्हणजे समोरचा तिच्यातून वळसा घेऊन जातो. मागून येणाऱ्याला घाई दिसली तर त्यालाही अशाच ठिकाणी पुढे जाऊ द्यायचे. चढून येणाऱ्याला आधी वाट देण्याचा आपल्या घाटांतला रिवाज तिथेही पाळला जातो. कोकणात गुहागरच्या बाजूच्या आतल्या रस्त्यांवर ज्याने गाडी चालवली आहे त्याला यात नवे फारसे वाटणार नाही. मात्र आपण सहज करतो तसे एका बाजूची चाके कडेच्या मातीत उतरवू नयेत, कारण तिथली कड मऊ आणि पाणथळ असते आणि गाडी रुतते.

दुसऱ्याच दिवशी मी छायाचित्र काढण्यासाठी अशाच एका पासिंग प्लेसमध्ये गाडी उभी केली. मागून आलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी काच खाली करून, ही जागा वाहनांना वाट देण्यासाठी आहे, थांबण्यासाठी नाही, असे शांतपणे सांगितले, मी क्षमा मागितली, त्यांनी हात वर केला आणि ते पुढे गेले. सगळे मिळून अर्धा मिनिट गेला असेल. पुन्हा ती चूक माझ्याकडून झाली नाही, आणि त्या प्रसंगाचे कोणतेही पाकीट नंतर घरी आले नाही.

अप्पर-डिप्परविषयी मात्र विशेष सावध करतो, कारण इथे आपली सवय घातक ठरू शकते. आपल्याकडे समोरच्याने डिप्पर दिला की त्याचा अर्थ "मी येतो आहे, तुम्ही थांबा" असा होतो. स्कॉटलंडच्या अरुंद रस्त्यांवर मला तो जवळजवळ नेहमी उलट अर्थाने मिळाला: "मी थांबलो आहे, तुम्ही या." पहिल्या दिवशी दोघेही एकमेकांसाठी थांबून राहण्याचा प्रसंग दोन-तीनदा आला. म्हणून आपण स्वतः डिप्पर देणे टाळावे, आणि समोरची गाडी खरोखर थांबली आहे हे डोळ्यांनी पाहूनच पुढे जावे.

स्कॉटलंडची दुसरी बाजूही सांगायला हवी. मे महिन्यात मेंढी एका कडेला आणि कोकरू दुसऱ्या कडेला असले तर गाडी पाहताच कोकरू आईकडे धावत सुटते, म्हणून तिथे पूर्ण वेग उतरवावा. संध्याकाळी हरणांची भीती असते. आतल्या भागात पेट्रोल पंप विरळ आहेत, त्यामुळे टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी. मद्याची मर्यादा स्कॉटलंडने २०१४ च्या अखेरीस इंग्लंडहून कडक केली, त्यामुळे चालकाने एक घोटही घेऊ नये हेच बरे. ए९ रस्त्यावर सरासरी वेग मोजणारे पिवळे कॅमेरे आहेत आणि वेग मोडला तर तिथूनही नोटीस येऊ शकते. पण ते कॅमेरे लांबूनच दिसतात आणि आपण कशासाठी जबाबदार आहोत हे वेगाच्या काट्यावर सतत समोर असते. अॅपलक्रॉसकडे जाणारा बेआलाख ना बा हा ६२६ मीटर उंचीचा घाट मी आई सोबत असल्यामुळे वगळला, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांनीही तो शेवटच्या दिवसांसाठी ठेवावा. याशिवाय पावसाची तयारी ठेवावी आणि शाकाहारी जेवणाच्या बाबतीत अपेक्षा कमी ठेवाव्यात; या दोन्ही बाबतींत टस्कनी निःसंशय पुढे आहे.

त्यामुळे ऊन, जेवण आणि जुनी शहरे हेच तुमचे मुख्य आकर्षण असेल तर टस्कनीला जरूर जावे. फक्त गाडी फ्लॉरेन्सच्या मध्यभागातून न घेता विमानतळावरून घ्यावी, मुक्काम कोटाबाहेरच्या शेतघरात ठेवावा, आणि कोटाबाहेरच्या वाहनतळात गाडी लावून आत पायी जावे. तिथे निळ्या रेषांच्या जागी पैसे भरायचे असतात, पांढऱ्या रेषांच्या जागा सहसा मोफत असतात, आणि पिवळ्या राखीव असतात. गावातच राहायचे झाले तर आरक्षणापूर्वी हॉटेलला लेखी विचारावे की आमच्या गाडीचा क्रमांक तुम्ही कळवाल का, आणि ते उत्तर वर्षभर जपून ठेवावे. प्रवास गाडीतून बाहेर पाहण्यासाठीच करायचा असेल आणि घरातले वयस्कर माणूस बरोबर असेल, तर मी स्कॉटलंड सुचवेन. पुढच्या मे महिन्यासाठी आम्ही इन्व्हर्नेसहून गाडी घेतली आहे. ऑटोमॅटिक हवी असल्याने आरक्षण पाच महिने आधी केले, कारण तिथे साध्या गिअरच्या तुलनेत त्या महाग पडतात आणि लवकर संपतात.